मुंबईत कुत्र्याला घेऊन बाहेर पडताना: आधी वेळ, मग जागा

मुंबईत कुत्रा पाळणाऱ्या बहुतेकांची तक्रार एकच असते: फिरवायला जागा कुठे आहे? बागेच्या फाटकावर मनाईची पाटी, सोसायटीच्या आवारात कुरकुर, फुटपाथवर गाड्या. तक्रार खरी आहे. तरी माझं ठाम मत आहे की या शहरात कुत्र्यासाठी जागेच्या आधी वेळ शोधावी लागते. जुहूच्या वाळूवर रविवारी संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते, आणि तीच वाळू मंगळवारी उजाडताना जवळजवळ मोकळी असते. ऊन, भरती-ओहोटी, गर्दी आणि पाऊस ही चार वेळापत्रकं जमली की बाकीचं पुष्कळ सोपं होतं.

कुत्र्याकडे बघून बेत आखा

आपल्याला कुठे जायचंय ते नंतर. आधी कुत्रा बघा. पग, शिह त्झू, बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना श्वासाची वाट मुळात अरुंद असते. मुंबईच्या दमट हवेत त्यांना अर्धा तास सावलीत चालणं पुष्कळ झालं. टेकडी-किल्ला त्यांच्यासाठी नाही, आणि त्यात त्यांचं काही बिघडत नाही. लॅब्रॅडॉर पाण्यासाठी जीव टाकतो, पण वजन वाढलेल्या लॅबला उड्या मारायला लावू नका, सांधे दुखावतात. मुधोळ किंवा कारवान जातीचा कुत्रा सशामागे धावण्यासाठी घडलेला आहे. त्याला तासभर रमतगमत चालवण्यापेक्षा चारी बाजूंनी बंद असलेल्या मैदानात थोडा वेळ जोरात पळू देणं जास्त मोलाचं. गावठी कुत्री काटक असतात, पण त्यांतली बरीच अनोळखी जागी बिचकतात, त्यांना नवी जागा हळूहळू दाखवावी.

पिल्लू असेल तर लसीकरण पूर्ण होईपर्यंत त्याला रस्त्यावर उतरवू नका. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असते आणि पुढचे डोस साधारण १६ आठवड्यांपर्यंत चालतात. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे विषाणूंचे जीवघेणे आजार. पार्व्होची लागण जमिनीवरून, दुसऱ्या कुत्र्यांच्या विष्ठेतून सहज होते, डिस्टेंपरची आजारी कुत्र्याच्या शिंका-खोकल्यातून. पण म्हणून पिल्लाला घरात कोंडूही नये, कारण जगाशी ओळख करून घेण्याचं त्याचं वयही नेमकं तेच. कडेवर किंवा झोळीत घेऊन खाली जा. रिक्षाचा आवाज, भाजीवाल्याची हाक, शाळेतून सुटलेली मुलं, लोकलची धडधड हे सगळं त्याला उंचावरून, सुरक्षितपणे बघू द्या.

निघण्यापूर्वीची तयारी

रेबीजची लस दरवर्षी हवीच. मुंबईकरांनी त्याच्या बरोबरीने लेप्टोस्पायरोसिसची लसही महत्त्वाची मानावी. उंदरांच्या लघवीतून हा आजार पसरतो, तुंबलेल्या पाण्यातून कुत्र्याला होतो आणि कुत्र्याकडून माणसालाही होऊ शकतो. पहिल्या वर्षी दोन डोस काही आठवड्यांच्या अंतराने, नंतर दरवर्षी एक. पावसाळा तोंडावर आल्यावर धावपळ करण्यापेक्षा मे महिन्याच्या सुरुवातीलाच डॉक्टरांना विचारून घ्या. महापालिकेचा परवाना काढा आणि त्याचा, तसंच लसींच्या पुस्तिकेचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. रिसॉर्टवाला, बोटवाला, कधी एखादा पोलीस हवालदार, कोणीही विचारू शकतो.

पट्टा साधा, पाच-सहा फुटांचा, कापडी. बटण दाबलं की लांब होणारा दोरीचा पट्टा मुंबईच्या रस्त्यावर वापरूच नये. कुत्रा क्षणात दुचाकीसमोर जातो आणि दोरी हाताला कापते. ओढणाऱ्या कुत्र्याला गळपट्ट्याऐवजी छातीवरून जाणारा हार्नेस बरा, गळ्यावर ताण येत नाही. गळपट्टा तरीही असावा, कारण त्यावर तुमचा मोबाईल नंबर कोरलेला बिल्ला लटकवायचा आहे. फटाक्याच्या आवाजाने पळालेला कुत्रा पुष्कळदा या बिल्ल्यामुळेच घरी येतो.

पिशवीत पाणी, पसरट वाटी, जुनी वर्तमानपत्रं, टॉवेल, चिमटा, गॉज, बँडेज, बेटाडीन. वर्तमानपत्राची युक्ती मुंबईत जुनी आहे: कुत्रा बसतोय असं दिसलं की कागद खाली सरकवायचा, गुंडाळायचा आणि कचराकुंडीत टाकायचा. घाण मागे ठेवून जाणाऱ्या एका माणसामुळे पूर्ण वस्तीतल्या कुत्र्यांवर बंदी येते, म्हणून यात सूट नाही. माणसांची वेदनाशामक गोळी मात्र पिशवीत असली तरी कुत्र्याला देऊ नका. आयबुप्रोफेन असलेली गोळी त्याच्या जठराला आणि मूत्रपिंडांना घातक ठरते.

रोजचा फेरा नाकाने चालवा

मोठी सहल महिन्यातून एखादी होते. कुत्र्याचं आयुष्य रोजच्या फेऱ्यावर चालतं, आणि तिथेच आपण सगळ्यात जास्त घाई करतो. माणसाच्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी साधारण पन्नास-साठ लाख, कुत्र्याच्या नाकात जातीनुसार साडेबारा ते तीस कोटी. विजेच्या खांबापाशी थांबून तो जे वाचतो त्यात काल रात्री कोण आलं, आजारी होतं का, घाबरलेलं होतं का, हे सगळं असतं. आपण पट्टा खेचून "चल रे" म्हणतो तेव्हा ते वाचन अर्धवट तुटतं.

म्हणून फेऱ्याचे दोन भाग करा. पहिली दहा मिनिटं उरकण्याची, सरळ चालायची. पुढची वीस मिनिटं त्याची: दिशा त्याने ठरवायची, थांबायचं कुठे आणि किती हेही त्याने. तुम्ही फक्त रस्ता ओलांडताना आणि खाण्याजोगी घाण दिसल्यावर मध्ये पडायचं. रस्त्यावर टाकलेली कोंबडीची शिजलेली हाडं, उंदरांसाठी ठेवलेलं औषध, शिळा भात या तीन गोष्टींवर नजर हवी. त्यासाठी "सोड" हा शब्द घरी शिकवून ठेवा. हातात साधा बिस्किटाचा तुकडा मुठीत धरायचा, कुत्रा मुठीला नाक लावून कंटाळून मागे सरकला की "सोड" म्हणायचं आणि दुसऱ्या हातातून त्याहून चांगलं काही द्यायचं. आधी मुठीत, मग जमिनीवर, मग दाराबाहेर, मग रस्त्यावर. हा क्रम सोडून थेट रस्त्यावर प्रयोग केला तर शब्द फुकट जातो.

आठवड्यातून दोनदा रस्ता बदला. उजवीकडे वळणारे डावीकडे वळलात तरी कुत्र्यासाठी ते नवं गाव असतं. सकाळी सातच्या आधी बंद बाजारातून, रविवारी ओस पडलेल्या कार्यालयांच्या रस्त्यांवरून चाला. फोर्ट आणि बॅलार्ड इस्टेटचे सावलीचे रस्ते रविवारी पहाटे कुत्र्यासाठी फार छान.

गल्लीतल्या कुत्र्यांचं काय, हा प्रश्न हमखास येतो. त्यांचे इलाके ठरलेले असतात. कोणता कोपरा कोणाचा हे चार-पाच दिवस एकटं चालून बघून घ्या आणि आपला रस्ता त्यांच्या हद्दीच्या कडेने न्या. समोर आलेच तर पट्टा ढिला ठेवा, थांबू नका, पळू नका, अर्धवर्तुळात वळून निघा. छोट्या कुत्र्याला किंचाळत झटकन उचललं की भोवतीचे जास्त चेकाळतात. त्यांना खाऊ घालणाऱ्या काकू-काकांशी ओळख ठेवा. कोणता कुत्रा भित्रा, कोणती कुत्री व्यायलेली, हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

सोसायटीत लिफ्टवरून वाद होतो तेव्हा लक्षात असू द्या: पाळीव कुत्र्यांना बंदी घालता येत नाही आणि लिफ्ट नाकारता येत नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. पण नियम हातात असला तरी घाबरणाऱ्या आजींना आधी जाऊ द्यावं, आपण पुढच्या लिफ्टने जावं.

समुद्रावर जायचं तर पंचांग उघडा

चौपाटी ही मुंबईच्या कुत्र्याला मिळणारी सगळ्यात मोठी मोकळी जमीन, आणि तिथे वेळ चुकली तर सगळंच चुकतं. ओहोटीला वाळू घट्ट आणि रुंद असते, धावायला उत्तम. भरतीला उरते ती वरची मऊ, कचऱ्याची पट्टी. भरतीची वेळ मोबाईलवर दिसते, पण कोकणातला जुना हिशेब शिकून घेण्यासारखा आहे: तिथीला पाऊणपट केलं की पूर्ण भरतीची वेळ येते. अष्टमी म्हणजे आठ, पाऊणपट सहा, म्हणून सकाळी सहाच्या सुमारास आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमा किंवा अमावास्या म्हणजे पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. त्यानंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, बेत आखायला एवढं पुरे.

यावरून कुत्र्याचं वेळापत्रक आपोआप तयार होतं. पौर्णिमा-अमावास्येपासून तृतीया-चतुर्थीपर्यंत सकाळी पाणी मागे गेलेलं किंवा मागे जात असतं. हे उधाणाचे दिवस, पाणी खूप आत जातं आणि पुळण विस्तीर्ण होते. मात्र दुपारची भरती तेवढीच मोठी येते, तेव्हा नऊच्या आत परत फिरा आणि खाडीच्या तोंडाशी, खडकांमध्ये रेंगाळू नका. सप्तमी ते दशमी सकाळी भरती असते. अष्टमीच्या आसपासची ही भरती भांगाची, म्हणजे लहान, तरी वाळू अरुंद. त्या दिवसांत सकाळी समुद्राऐवजी दुसरा रस्ता धरा.

जुहू, वर्सोवा, मढ, गोराई, मनोरी हे सगळे किनारे आठवड्याच्या मधल्या दिवसांत सकाळी चांगले. आक्सा दिसायला सुंदर आहे, पण तिथल्या पाण्याच्या ओढीत दरवर्षी माणसं बुडतात. तिथे कुत्र्याला पाण्यात सोडू नका, कारण त्याच्यामागे तुम्ही उतरणारच. मनोरीला तरीतून जायचं असेल तर चढण्याआधी नावाड्याला विचारा. कोळीवाड्याच्या बाजूने जाताना काठ्यांवर बोंबील वाळत घातलेले असतात. "मावशी, कुत्रा आहे बरोबर, इथून जाऊ का?" एवढं विचारलं की रस्ता मिळतो. पट्टा मात्र आखूड धरा. तो माल कोणाचं तरी पोट आहे.

पट्टा कधी सोडायचा? हाक मारल्यावर दुसरा कुत्रा समोर असतानाही परत येत असेल तरच. नसेल तर दहा मीटरची सुती दोरी हार्नेसला बांधून वाळूवर सरपटत राहू द्या. हाक मारायची, आला की खाऊ द्यायचा आणि पुन्हा सोडायचं. हाक म्हणजे खेळ संपला असं त्याला वाटता कामा नये, म्हणून दहातल्या नऊ हाका नुसत्या बोलावून परत पाठवण्यासाठी असाव्यात. हिवाळ्यात किनाऱ्यावर कुरवांचे थवे उतरतात. दूरवरून आलेल्या त्या पाहुण्यांच्या मागे कुत्रा सोडणं बरं नाही. ओहोटीला उघड्या पडणाऱ्या खडकांत समुद्रफुलं, खेकडे, शंख राहतात, तिथेही दोरी हातात हवी.

खारं पाणी प्यायला की उलट्या-जुलाब होतात, जास्त प्यायला तर जिवावर बेततं. दर पंधरा मिनिटांनी गोडं पाणी पुढे करा. मेलेला, फुगलेला केंड मासा दिसला तर तोंड लावू देऊ नका, तो विषारी असतो. गळ आणि जाळ्याचे तुकडे, काचा, विसर्जनानंतरचे खिळे यांच्यासाठी आधी दोन मिनिटं स्वतः चालून जागा बघून घ्या. पावसाळ्यात दोन गोष्टी वाढतात. एक, निळ्या फुग्यासारखे दिसणारे डंख मारणारे जीव. ते वाळूवर मेलेले असले तरी त्यांचे धागे डंखतात. डंख झालाच तर धागे काडीने काढा आणि समुद्राच्याच पाण्याने धुवा. दुसरं, डांबराचे गोळे. पंजाला आणि केसांना चिकटलेलं डांबर खोबरेल तेल चोळून मऊ करा, पुसा, मग शांपू लावा. रॉकेल-पेट्रोल अजिबात नको.

शहराबाहेर, आणि कुठे जायचं नाही

आधी नको तिथलं सांगते. संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, कर्नाळा, तुंगारेश्वर, फणसाड अशा संरक्षित जंगलांत पाळीव कुत्रा नेऊ नये. कुत्र्यांचे आजार वन्य प्राण्यांना लागतात आणि कुत्र्याचा वास राहिला तरी जंगलातलं जनावर बिचकतं. आरे वसाहतीत उजाडण्याआधी आणि अंधार पडल्यावर कुत्र्याला घेऊन फिरू नका. तिथे बिबटे आहेत आणि कुत्रा हे त्यांचं नेहमीचं भक्ष्य आहे.

पहिल्या सहलीसाठी मला मांडवा-अलिबागची बाजू आवडते. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला जाणारी रो-रो बोट गाडीसकट नेते, साधारण तासाभरात पोचवते आणि कुत्र्यांनाही घेते. त्यांचं तिकीट आणि नियम निघण्याआधी फोनवर विचारून घ्या. कुत्र्याला गाडी लागत असेल तर प्रवासाआधी तीन-चार तास पोटभर खायला देऊ नका. गाडीत त्याला मागच्या सीटवर हार्नेसने बांधा, खिडकीतून डोकं बाहेर काढू देऊ नका. आणि "दोन मिनिटांत आलो" म्हणून बंद गाडीत एकटं कधीही ठेवू नका. उन्हात उभ्या गाडीतलं तापमान दहा मिनिटांत दहा अंशांनी चढतं.

सह्याद्रीत जायचं तर सोपी, बिनशिडीची, कमी गर्दीची वाट निवडा. लोखंडी शिड्या आणि कातळातल्या अरुंद पायऱ्या कुत्र्यासाठी नाहीत, आणि त्याला उचलून उतरताना माणसं पडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम, फक्त त्याच दिवसांत वाळलेल्या गवताची कुसळं असतात. कुसळ पायाच्या बोटांत, कानात, नाकात शिरतं आणि त्याच्या टोकामुळे आत आतच जातं. कुत्रा अचानक डोकं झटकत राहिला, पंजा चाटत राहिला, सलग शिंकू लागला तर आधी कुसळ शोधा. कानात खोल गेलेलं स्वतः ओढू नका, डॉक्टर काढतील. फुरसं किंवा घोणस चावल्याचा संशय आला तर चिरा देणं, घट्ट बांधणं, चोखणं यातलं काहीही करायचं नाही. कुत्र्याला चालू न देता उचला आणि प्रतिविष असलेला दवाखाना गाठा. निघण्यापूर्वी वाटेवरच्या तालुक्याच्या पशुवैद्यकाचा नंबर लिहून घेण्याचं कारण हेच.

गावातून जाताना गुरं, कोंबड्या, राखणीचे कुत्रे असतात. पट्टा आखूड ठेवा, विहिरीच्या पाण्यात कुत्रा उतरवू नका.

ऊन लागणं

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. धापा टाकून जिभेवरचं पाणी उडालं की तो थंड होतो. मुंबईच्या दमट हवेत ते पाणी लवकर उडतच नाही, म्हणून इथे ३२ अंशही त्याला जड जातात. मार्च ते जून आणि ऑक्टोबरात सकाळी सातच्या आत आणि संध्याकाळी सातनंतरच निघा. रस्त्यावर हाताची मागची बाजू सात सेकंद ठेवून बघा. तुम्हाला ठेववत नसेल तर त्याचे पंजे भाजणार.

कुत्र्याचं नेहमीचं तापमान ३८.३ ते ३९.२ सेल्सिअस असतं. धाप थांबत नाही, लाळ घट्ट झाली, हिरड्या लालभडक झाल्या, झोकांड्या जाऊ लागल्या, म्हणजे ऊन लागलंय. आधी थंड करा, मग हलवा. सावलीत न्या, नळाचं साधं पाणी पोट, मांड्या, छाती यांवर ओतत राहा आणि वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, त्याखाली उष्णता कोंडते. शुद्धीत असेल तर घोट घोट पाणी द्या. मग दवाखाना. तरतरी परत आली तरी दाखवायचंच, कारण आतल्या अवयवांची इजा नंतर दिसते. परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय आणि महालक्ष्मीचं टाटा ट्रस्ट्सचं प्राणी रुग्णालय, दोन्हींचे नंबर आजच मोबाईलमध्ये साठवा.

पावसाचे चार महिने

तुंबलेल्या पाण्यातून कुत्र्याला चालवू नका. लेप्टो तर आहेच, शिवाय उघडी गटारं आणि विजेच्या खांबांतून उतरणारा प्रवाह. संततधार असेल तेव्हा फेरा दहा मिनिटांचा करा आणि उरलेलं नाकाचं काम घरात द्या. पंधरा मिनिटांचं शोधणं कुत्र्याला चांगलं दमवतं.

शोधाशोध अशी शिकवा. कुत्र्यासमोर उकडलेल्या, बिनमसाल्याच्या कोंबडीचा तुकडा खुर्चीखाली ठेवा आणि "शोध" म्हणा. हे चार-पाच वेळा. मग त्याला बसवून, बघत असतानाच दाराआड ठेवा. मग दुसऱ्या खोलीत थांबवून, न दाखवता ठेवा. शेवटी उंची बदला: उशीखाली, चपलांच्या फळीवर, टेबलाच्या दांड्यावर. अडला तर बोट दाखवू नका, फक्त त्या खोलीत जाऊन उभे राहा. वन बीएचके घरात हा खेळ वर्षभर पुरतो.

जुन्या टॉवेलात चपातीचे तुकडे आणि बिनमिठाचे कुरमुरे पसरून गुंडाळी करा, त्याने उलगडावी. अंड्यांच्या कागदी ट्रेच्या खळग्यांत खाऊ ठेवून वर कागदाचे बोळे दाबा. बिनसाखरेचं दही आणि उकडलेलं रताळं जाड स्टीलच्या वाटीत गोठवून द्या, चाटत बसणं त्याला शांत करतं. काहीजण नारळाच्या करवंटीत गोठवतात, मला ते पटत नाही, दाताखाली तिचे तुकडे फुटतात. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि झायलिटॉल (बिनसाखरेच्या पदार्थांत गोडीसाठी घालतात ते) असलेलं काहीही या खेळांत नको. दिवसभरातला असा खाऊ एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त झाला की जेवणातून तेवढं कमी करा.

घरी परतल्यावर

पाय धुताना बोटांच्या बेचक्या पुसून कोरड्या करा, ओल राहिली की बुरशी होते. कानांच्या आत, गळपट्ट्याखाली, काखेत, शेपटीच्या मुळाशी गोचीड शोधा. गोचिडामुळे एर्लिकिया आणि बॅबेसिया असे रक्ताचे गंभीर आजार होतात. चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ ओढा. तेल ओतू नका, काडीने जाळू नका. नंतरच्या दोन-तीन आठवड्यांत ताप, खाणं सुटणं, फिकट हिरड्या यांतलं काही दिसलं तर रक्त तपासून घ्या आणि कुठे फिरायला गेला होतात तेही डॉक्टरांना सांगा.

मोठ्या सहलीच्या दुसऱ्या दिवशी कुत्रा जास्त झोपेल, कमी खेळेल. त्या दिवशी त्याला फक्त खालच्या रस्त्यावर न्या आणि हवं तितका वेळ वास घेऊ द्या. उठताना लंगडत असेल किंवा जिना चढायला नको म्हणत असेल, तर पुढची सहल निम्म्या अंतराची ठरवा.